उपलब्धतेनुसार

मुलुंड पूर्वेच्या एका शाळेत क्षमाबाई आठल्ये यांनी एकतीस वर्षं मराठी शिकवलं. वर्गातली भांडणं असोत की शिक्षकांच्या खोलीतले रुसवेफुगवे, मिटवायला मुख्याध्यापक त्यांनाच बोलावत. त्यांचा आवाजच समजुतीचा. समोरचा कितीही तापलेला असला तरी आधी त्याचं सगळं ऐकून घ्यायचं, मग त्याचंच म्हणणं जरा मवाळ शब्दांत त्याला परत सांगायचं, की तो आपोआप निवायचा. निवृत्त झाल्यावर या गुणाचं करायचं काय, हा प्रश्न होता. नवरा बाळ विमा कंपनीतून सुटून शब्दकोड्यांत रमलेला, मुलगी सई लग्न होऊन बंगळुरात. अशात सरकारच्या नव्या 'सामोपचार' पोर्टलची जाहिरात पेपरात आली.

कल्पना क्षमाबाईंना फारच आवडली. सरकारी खाती आणि खात्यांनी नेमलेले कंत्राटदार यांच्याबद्दलच्या लोकांच्या तक्रारी कचेरीत खेटे न घालता मोबाइलवरच मिटवायच्या. एका चौकटीत तक्रारदार, दुसरीत खात्याचा किंवा कंपनीचा माणूस, तिसरीत मध्यस्थ. क्षमाबाईंनी चाळीस तासांचं प्रशिक्षण घेतलं, परीक्षा दिली आणि मध्यस्थ झाल्या. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून, मागे पुस्तकांचं कपाट नीट दिसेल अशा बेताने त्या रोज अकराला बसत आणि दोनला उठत.

बैठक वीस मिनिटांची असे. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ उलटं चाले आणि शेवटच्या पाच मिनिटांत त्याचे आकडे लाल होत. तीन बैठकांत समझोता झाला नाही, तर प्रकरणावर 'असफल' असा शेरा पडून ते पुन्हा कचेरीत, सगळ्यांत मागे जाई. मध्यस्थाच्या नावापुढे त्याने मिटवलेल्या प्रकरणांची टक्केवारी दिसे. क्षमाबाईंची एक्याण्णव होती. ती ब्याण्णव झाली त्या दिवशी त्यांनी जेवताना बाळला सांगितलं. तो म्हणाला, ‘‘म्हणजे तू अजूनही पेपरच तपासतेयस.’’ त्यांना राग आला, पण त्या हसल्या.

कुंडलिक खिल्लारे यांचं प्रकरण फेब्रुवारीत आलं. घाटकोपरच्या डोंगरउतारावरची वस्ती पाडून बिल्डरने तिथे पुनर्वसनाची बावीस मजली इमारत उभी केली होती आणि सोडतीत खिल्लारे कुटुंबाला सतरावा मजला आला होता, ते तिथे राहायलाही गेले होते. कुंडलिक एकाहत्तर वर्षांचे. साकीनाक्याच्या एका कारखान्यात प्लास्टिकच्या बाटल्यांच्या मशीनवर त्यांची हयात गेलेली. बायको सुंदराबाईंची डावी बाजू अर्धांगवायूने गेली होती. अपंगाला खालचा मजला द्यायचा, असा नियम होता. कुंडलिकांनी अर्ज वेळेत केला होता, त्याची पोच त्यांच्याकडे होती. पण सोडतीच्या यादीत तो अर्ज चढलाच नव्हता. का चढला नाही, हे शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

पहिल्या दोन बैठका कागद दाखवण्यातच गेल्या. तिसऱ्या बैठकीला कुंडलिक इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून बसले होते. मोबाइल असा धरला होता की त्यांचं कपाळ आणि वरचा पंखाच दिसावा. दुसऱ्या चौकटीत बिल्डरचा माणूस होता, केयूर नावाचा. पस्तिशीचा, गोड बोलणारा, काचेच्या केबिनमध्ये बसलेला. खालचे सगळे मजले वाटून झालेत, आता कुणाला उठवणार, असं तो म्हणाला. पण शेजारच्या मोकळ्या जागेवर दुसरा टप्पा होणार आहे. त्यात आजींना खालचं घर देऊ.

समझोत्याचा मसुदा त्याने पोर्टलवर चढवला होता आणि क्षमाबाईंनी तो आदल्या दिवशीच वाचला होता. त्यात लिहिलं होतं, की दुसऱ्या टप्प्यात, उपलब्धतेनुसार, खालच्या मजल्यावरील सदनिका देण्याचा विचार करण्यात येईल. एकतीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईच्या नजरेतून असली वाक्यं सुटत नाहीत. 'देण्यात येईल' नव्हतं, 'देण्याचा विचार' होता. त्याआधी 'उपलब्धतेनुसार' होतं. त्यांनी केयूरला विचारलंही. तो म्हणाला, ‘‘मॅडम, तो लीगलचा ठरलेला मजकूर असतो. अठरा महिन्यांत पझेशन आहे, माझा शब्द.’’ मग तेच मसुद्यात लिहा, असं म्हणता आलं असतं. पण मजकूर बदलायचा म्हणजे नवी बैठक लागणार आणि ही तर तिसरी होती. मसुदा सोडला तर प्रकरण असफल, आणि म्हाताऱ्याला पुन्हा कचेरीच्या पायऱ्या. काहीच न मिळण्यापेक्षा हे बरं, असं क्षमाबाईंना मनापासून वाटलं. निदान त्या वेळी तरी त्यांनी स्वतःला तसंच सांगितलं.

सहा मिनिटं उरली होती. क्षमाबाईंनी मसुदा वाचून दाखवला, पण त्या वाक्याशी आल्यावर आवाज जरा खाली घेतला. तेवढ्यात कुंडलिकांच्या मागून एका मुलीचा आवाज आला.

‘‘आबा, उपलब्धतेनुसार म्हणजे काय ते विचारा त्यांना. आणि तारीख का नाही टाकलेली?’’

ती कुंडलिकांची नात प्रियंका होती. क्षमाबाई म्हणाल्या, ‘‘ताई, आपण पक्षकारालाच बोलू देऊ या हं.’’ मुलगी थांबेना. तिने तारखेचं पुन्हा विचारलं. घड्याळ लाल झालं होतं. क्षमाबाईंनी त्या चौकटीचा आवाज बंद केला, अर्धा मिनिट शांतपणे आपलं म्हणणं मांडलं आणि मग आवाज पुन्हा चालू केला. नियमात ते बसत होतं.

‘‘काका,’’ त्या म्हणाल्या, ‘‘माझं ऐकाल का? हे घ्या. तुमचं म्हणणं मान्य झालंय, हे महत्त्वाचं. नाही म्हणालात तर सगळं पहिल्यापासून सुरू.’’

कुंडलिक म्हणाले, ‘‘बाई, मला यातलं कळत नाही. तुम्ही म्हणताय तर चांगलंच असंल.’’

संमतीसाठी त्यांच्या मोबाइलवर सहा आकडी ओटीपी आला. तो पक्षकाराने स्वतः टाकायचा असतो. कुंडलिकांना रकाना सापडेना, बैठकीचं चित्रच निघून जाई. शेवटच्या मिनिटाला क्षमाबाई म्हणाल्या, ‘‘तुम्ही वाचा, मी टाकते.’’ कुंडलिकांनी एकेक आकडा मोठ्याने वाचला आणि क्षमाबाईंनी मध्यस्थाच्या मदतीच्या रकान्यातून तो टाकला. पडद्यावर हिरवी खूण आली. केयूरने हात जोडले. कुंडलिकांनीही जोडले असावेत, पण दिसलं फक्त कपाळ.

पुढच्या डिसेंबरात पोर्टलचे अधिकारी देवव्रत कारखानीस यांचा फोन आला. बोलणं अदबशीर. जानेवारीत राज्यभरच्या मध्यस्थांची ऑनलाइन कार्यशाळा होती आणि तिच्यात तीन आदर्श समझोते दाखवायचे होते. त्यांतला एक खिल्लाऱ्यांचा. अपंग महिला, पुनर्वसन, तीन बैठका, कोर्टबाजी नाही. क्षमाबाईंनी त्यावर दहा मिनिटं बोलावं. आणि जमलं तर त्या कुटुंबाचा नव्या घरातला एक फोटो मिळाला तर फार उत्तम, असं ते म्हणाले. क्षमाबाईंना आनंद झाला. त्यांनी नव्या घराचा अर्थ खालच्या मजल्यावरचं घर असा घेतला. नऊ-दहा महिन्यांत बिल्डरने शब्द पाळला की काय, असंही वाटलं. खिल्लाऱ्यांना फोन करून त्या येते म्हणाल्या. कुंडलिक म्हणाले, या ना, बाई, घरीच असतो आम्ही.

पेढ्यांचा पुडा घेऊन त्या दुपारी बाराच्या सुमाराला घाटकोपरला पोचल्या. खालच्या फलकावर खिल्लारे हे नाव सतराव्या मजल्यापुढेच होतं. वॉचमनला विचारलं, तर तो म्हणाला, हो, सतरावाच. दोन लिफ्ट होत्या. त्यांतली मोठी, स्ट्रेचर मावेल अशी, पहिल्या दिवसापासून सुरूच झालेली नव्हती. लहान सकाळी दोन तास आणि संध्याकाळी तीन तास चाले. मधल्या वेळात ती बंद.

क्षमाबाई जिना चढू लागल्या. पाचव्या मजल्यापर्यंत नेटाने चढल्या. नवव्यावर बसल्या. जिन्यात कुणाचे भिजवलेले कपडे, कुणाच्या सायकली, पाण्याचे ड्रम. तेराव्यावर एका बाईने दार उघडून पाणी दिलं आणि कुणाकडे निघालात म्हणून विचारलं. सांगितल्यावर ती म्हणाली, ‘‘मावशीकडं? जा, जा. त्यांच्याकडं कुणी जातच नाही आता.’’

कुंडलिकांनी दार उघडलं तेव्हा क्षमाबाईंना धापेमुळे बोलता येत नव्हतं. कुंडलिकांनी खुर्ची दिली, पंखा लावला, चहा ठेवला. खोली स्वच्छ होती. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली मोगऱ्याचा ताजा हार. खिडकीला लागून कॉट आणि कॉटवर उशीला टेकून सुंदराबाई. केस चापूनचोपून बांधलेले, डावा हात मांडीवर ठेवलेला, तो दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

‘‘आवाज तोच हाय,’’ सुंदराबाई कुंडलिकांना म्हणाल्या. शब्द सावकाश येत होते, पण स्पष्ट. मग क्षमाबाईंकडे वळून म्हणाल्या, ‘‘त्या दिवशी मी इथंच पडून ऐकत होते. मला वाटलं, बाई चांगल्या हायेत. झालं आपलं खालचं घर.’’

क्षमाबाईंनी दुसऱ्या टप्प्याचं विचारलं. कुंडलिकांनी त्यांना खिडकीशी नेलं. खाली निळ्या पत्र्यांच्या आत मोठा खड्डा खणलेला होता, क्रेन उभी होती. त्यांनी सांगितलं, की आराखडा बदलला. तिथे आता विकायचे फ्लॅट आणि पार्किंग. पुनर्वसनाचं एकही घर त्यात नाही. चौकशीला गेलो, तर केयूर साहेबांची बदली झालेली. नवीन माणूस म्हणाला, तुमच्या कागदात उपलब्धतेनुसार लिहिलंय, उपलब्ध नाही. हे सगळं ते पत्ता सांगावा तसं सांगत होते.

सुंदराबाईंनी वस्तीतल्या बालवाडीत अठ्ठावीस वर्षं मदतनीस म्हणून काम केलं होतं. त्या गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या मांडीवर बसून डबा खाल्लेली. आजारपणानंतरही त्या जुन्या घराच्या ओट्यावर दिवसभर बसत, येणारा-जाणारा बोलून जाई, कुणी भाजी निवडायला देई. इथे आल्यापासून त्या दोनदा खाली गेल्या होत्या, दोन्ही वेळा दवाखान्यात. लहान लिफ्टमध्ये चाकाची खुर्ची शिरत नाही म्हणून त्यांना उचलून आत घेतलं होतं. दुसऱ्या वेळी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली ती पाऊण तास. तेव्हापासून लिफ्टचं नाव काढलं की त्या मानेनेच नको म्हणत.

‘‘खाली बालवाडीला खोली दिलीय म्हणतात,’’ त्यांनी विचारलं. ‘‘येताना दिसली का, बाई? उघडी होती?’’

क्षमाबाईंनी ती पाहिली होती. पाटी होती, दाराला कुलूप होतं, काचेतून आत सिमेंटच्या गोण्या दिसत होत्या. ‘‘आज बंद होती,’’ त्या म्हणाल्या. सुंदराबाईंनी मान डोलावली. आज रविवार नव्हता, हे त्या दोघींनाही माहीत होतं.

फोटोचं त्यांनी तोंडातून काढलं नाही. पेढ्यांचा पुडा पिशवीतच राहिला. त्या उठणार इतक्यात प्रियंका आली. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करत होती, पहाटेची पाळी संपवून सतरा मजले चढून आली होती. आजोबांनी ओळख करून दिली. तिने पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला.

‘‘तुम्ही मला म्यूट केलं होतं,’’ ती म्हणाली.

‘‘प्रियंका,’’ कुंडलिक म्हणाले.

‘‘नाही आबा, मला बोलू द्या. मी दोनच प्रश्न विचारले होते, मॅडम. त्या दोन्हींची उत्तरं तुम्हाला माहीत होती ना?’’

क्षमाबाईंना वाटलं, इथे 'त्या परिस्थितीत' असं काहीतरी बोलता येईल. असली वाक्यं त्यांना भराभर सुचत. पण त्या म्हणाल्या, ‘‘हो.’’

प्रियंकाला हे उत्तर अपेक्षित नसावं. ती कॉटच्या कडेला बसली. तिने पोर्टलवर तीनदा अर्ज केला होता. तिन्ही वेळा एकच ओळ आली होती, की समझोता अंतिम असून उभय पक्षांवर बंधनकारक आहे.

‘‘ओटीपी मी टाकला होता,’’ क्षमाबाई म्हणाल्या. ‘‘तो काकांनी स्वतः टाकायला हवा होता. नियम तसा आहे. म्हणजे त्यांची संमती नियमाप्रमाणे घेतलेली नाही. मी तसं लिहून देते. त्यावर समझोता रद्द व्हायला हवा.’’

‘‘द्या मग लिहून,’’ प्रियंका म्हणाली. तिने आभार मानले नाहीत, आणि मानायचं काही कारणही नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी बाळला सगळं सांगितलं. त्याने कोड्यावरची पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाला, की तू नियम मोडलास हे तूच लिहून देणार, त्याने त्यांचं काही होईल की नाही कोण जाणे, तुझं मात्र नक्की होईल. क्षमाबाई म्हणाल्या, ‘‘मग होऊ दे.’’ त्यांनी दोन पानी निवेदन लिहिलं. मसुद्यातल्या शब्दांचा अर्थ आपल्याला ठाऊक होता, तो पक्षकाराला समजावून सांगितला नाही, त्याच्या नातीचा आवाज बंद केला, ओटीपी स्वतः टाकला. एकही शब्द मवाळ केला नाही. ते निवेदन त्यांनी प्रियंकाच्या नव्या अर्जाला जोडायला दिलं आणि एक प्रत कारखानिसांना पाठवली.

कारखानिसांनी ती वाचली नसावी, कारण कार्यशाळेचं आमंत्रण ठरल्याप्रमाणे आलं. क्षमाबाई बसल्या. पडद्यावर चारशेच्या वर नावं होती. त्यांनी दहा मिनिटांत घडलं ते सांगितलं. सतरा मजले सांगितले, लिफ्ट सांगितली, खिडकीतून दिसणारा खड्डा सांगितला. म्हणाल्या, की त्या म्हाताऱ्या माणसाने कागदावर नाही, माझ्या आवाजावर विश्वास ठेवला आणि मी तो बिल्डरला वापरू दिला. हा समझोता आदर्श नाही. ही फसवणूक आहे, आणि तिच्यात माझा हात आहे.

बोलून झालं. आता काहीतरी होईल, कुणी तरी रागावेल, असं त्यांना वाटलं. पडद्यावर टाळ्यांची चित्रं वर तरंगू लागली. एक, दहा, पन्नास. कारखानीस म्हणाले, ‘‘मॅडमनी फार प्रांजळपणे मनोगत मांडलं. संमतीच्या रकान्याची रचना अधिक सोपी करण्याबाबत त्यांची सूचना आम्ही पुढच्या आवृत्तीसाठी नोंदवून घेतली आहे.’’ मग त्यांनी पुढच्या वक्त्याला बोलावलं. क्षमाबाईंनी पुन्हा बोलायचा प्रयत्न केला. त्यांचा आवाज संयोजकांनी बंद केलेला होता.

फेब्रुवारीच्या अखेरीस दोन पत्रं एकाच दिवशी आली. कुंडलिकांना आलेल्या पत्रात होतं, की प्रणालीतील नोंदीनुसार ओटीपी पक्षकाराच्या नोंदणीकृत मोबाइलवरच गेला व विहित वेळेत पडताळला गेला, सबब संमती वैध आहे. मध्यस्थाला बैठकीतील गोष्टी उघड करता येत नसल्याने त्यांचं निवेदन विचारात घेता येत नाही. क्षमाबाईंना आलेल्या पत्रात होतं, की पक्षकाराचा ओटीपी स्वतः टाकल्याचं आणि बैठकीतील गोष्टी उघड केल्याचं त्यांनी लेखी कबूल केल्यामुळे त्यांचं नाव यादीतून वगळण्यात येत आहे.

प्रियंकाने आबांच्या पत्राचा फोटो पाठवल्यावर क्षमाबाईंनी दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचली. एकच निवेदन त्यांना काढायला खरं होतं आणि खिल्लाऱ्यांसाठी नव्हतं. दोन्हींखाली सही एकाच माणसाची होती. एका वकिलाला त्यांनी दाखवलं. तो म्हणाला, हायकोर्टात जाता येईल, पण वर्षं जातील, आणि आजींचं वय काय म्हणालात?

प्रियंकाने फोनवर हे शांतपणे ऐकलं. मग तिनेच सांगितलं, की आबांच्या धाकट्या भावाची टिटवाळ्याला चाळीत एक खोली आहे, तळमजल्यावरची. तिथे जातोय. मी इथे मैत्रिणीकडे राहीन, पाळी पहाटेची असते आणि तेव्हा त्या जिन्याने एकटीने उतरू नको, म्हणतात आबा. सतराव्या मजल्याला कुलूप लावणार. बिल्डरचा नवा माणूस म्हणाला होता, की घर बंद दिसलं तर ते काढून घेण्याची नोटीस येऊ शकते.

‘‘आली की कळवतीलच मोबाइलवर,’’ ती म्हणाली. ‘‘तिथंही समझोता करायला बोलावतील.’’

मार्चमधल्या एका सकाळी टेम्पो आला. क्षमाबाई न विचारता गेल्या. प्रियंकाने त्यांना पाहिलं आणि ती पुन्हा सामानाकडे वळली. लहान लिफ्टमधून कपाट, भांडी, गादी असं सामान खाली येत होतं. सुंदराबाईंनी मात्र लिफ्टला साफ नकार दिला. शेवटी इमारतीतल्या चार जणांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, दोरीने बांधून, जिन्याने खाली आणलं. दर तीन मजल्यांनी थांबत. त्या डोळे मिटून बसल्या होत्या आणि चांगल्या हाताने खुर्चीचा हात घट्ट धरला होता. सगळ्यांत पुढे कुंडलिक, एकेक पायरी उलटे उतरत, बायकोकडे तोंड करून, जणू ती पडलीच तर तेच तिला झेलणार होते.

खाली आल्यावर सुंदराबाई म्हणाल्या, मला जरा फाटकापाशी बसू द्या. टेम्पोवाला कुरकुरला, पण थांबला. रस्त्यावर शाळेत जाणारी पोरं होती, भाजीच्या गाड्या होत्या, बायका पाण्याच्या बाटल्या घेऊन चालल्या होत्या. सुंदराबाई एकेकीच्या तोंडाकडे बघत होत्या. एका बाईला त्यांनी ‘‘कुंदा?’’ म्हणून हाक मारली. ती बाई थांबली, हसून ‘‘नाही मावशी’’ म्हणाली आणि पुढे गेली. पंधरा-वीस मिनिटं त्या तशाच बसल्या. ओळखीचं कुणी आलं नाही. वस्ती पाडली तेव्हा माणसं ट्रान्झिट कॅम्पांत कुठे कुठे पांगली होती आणि जी परत आली ती वर मजल्यांवर होती.

क्षमाबाई कुंडलिकांजवळ गेल्या. हे वाक्य त्यांनी मुलुंडहून येताना रिक्षात अनेकदा मनात जुळवलं होतं, तरी ते तुटकच आलं. ‘‘काका, माझ्यामुळे झालं हे. मला माफ करा.’’

कुंडलिक गादीला दोरी बांधत होते. त्यांनी गाठ पुरी केली. ‘‘बाई, तुमचं काय चुकलं, ते मला अजून नीट समजलेलं नाही,’’ ते म्हणाले. ‘‘प्रियंका दहादा सांगती. तुम्ही मात्र चांगलं बोलत होता. आम्हाला असं 'काका' म्हणून कचेरीतलं कुणी कधी बोललं नव्हतं.’’

त्यात टोमणा नव्हता. तो असता, तर क्षमाबाईंना सोसलं असतं. प्रियंकाने आजीला उचलून टेम्पोच्या पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि दार लावण्याआधी एकदा वळून क्षमाबाईंकडे पाहिलं. मग तिने दार ओढून घेतलं.

टेम्पो गेल्यावर वॉचमन ती प्लास्टिकची खुर्ची उचलायला आला. क्षमाबाईंनी त्याला जरा थांबायला सांगितलं आणि त्या तिच्यावर बसल्या.